रास आणि रांग

६ नोव्हेंबर ९५, सोमवार
रवीशेठ आज आमच्या टेबलाजवळ खुर्ची टाकून बसले. शेठजींचा मुलगा, पुण्याहून मॅनेजमेंट शिकून नुकताच परतलेला. मग उठून विजेच्या एका बटणाच्या मागे मागे फिरले, सुट्या भागांच्या पेटीपासून थेट गोडाऊनपर्यंत. मलाही फिरवलं.
"परबबाई, बघितलंत? बनायला जरासा टाइम, पडून राहायला सगळा दिवस."
खरंच की. जोडलेलं बटण तपासणीसाठी पडून, तपासलेलं शेठजींच्या सहीसाठी पडून, सही झालेलं खोक्यासाठी पडून. इतकी वर्षं सुपरवायझर आहे, असं कधी पाहिलंच नव्हतं. मुलगा हुशार आहे.
जाता जाता म्हणाले, "समझो फॅक्टरी आजच सुरू होतेय. जुनं काहीच नाही. मग बायकांना असं गोल बसवाल का तुम्ही?"


८ नोव्हें., बुध.
ठरलं. टेबल जाणार, रांग येणार. आत्ता प्रत्येक बाई अख्खं बटण जोडते. पुढे एक फक्त पितळी पट्टी बसवणार, पुढची स्प्रिंग, तिच्या पुढची खटका. याला रीइंजिनिअरिंग म्हणतात.
शेठजी त्यांच्या सिंधी ढंगात म्हणाले, "अरे पुट, जो चल रहा है, चलने दे."
"पप्पा, चल नहीं रहा. पडा है."
हसू आलं. पण पुढचं ऐकून गेलं. रवीशेठ म्हणाले, रांगेला सात पुरतात, आपण बसवतो आठ, म्हणजे एक कमी. "सगळ्यात स्लो कोण, ते नाव तुम्ही द्या. आणि बाई, सगळ्यांचे आकडे सेम कसे येतात?"
सांगितलं नाही. सारखे येतात ते रास आहे म्हणून. तयार बटणं मध्ये एकाच घमेल्यात पडतात, संध्याकाळी आठ सारखे वाटे करतात आणि तेच मला सांगतात. एखादीचं मूल तापलेलं, एखादीची कंबर धरलेली, त्या दिवशी बाकीच्या भरून काढतात. नाव भातशेतीवाल्या बायकांनी दिलेलं. मी यायच्या आधीपासून आहे हे.
पण सुशीलाचं एका दिवसाचं नाही. तिच्या बोटांचे सांधे आखडलेत, आणि दर थंडीत जास्तच. तिच्या पगारावर मुलीचं नर्सिंग चाललंय.

१० नोव्हें., शुक्र.
दर शुक्रवारसारखी वीज बंद, कारखाना बंद. घरीच. वाल सोलत बसले. सु.ला खोकी भरायला बसवलं तर? तिथेही बोटंच.
यांना विचारलं. पेपरातून डोकं वर न काढता, "नाव दे आणि मोकळी हो. तू नाही दिलंस तर तुझं देतील."
शिरगावात आलो तेव्हा घराचे हप्ते आम्ही दोघांच्या पगारावर धरले होते. हे चुकीचं बोलले नाहीत. तरी राग आला.

११ नोव्हें., शनि.
रांगेचा पहिला दिवस. सु. स्प्रिंगवर. चहाच्या आधीच तिच्यापुढे ढीग साचला. मी दुसरीकडे बघितलं.
पुन्हा पाहिलं तर ढीग नाही. तिच्या अलीकडच्या मंदावल्या होत्या, पलीकडच्याही. कोणी कोणाला काही म्हटलं नाही. अख्खी रांग सुशीलाच्या चालीने चालायला लागली.
रवीशेठ वेळ मोजायचं घड्याळ घेऊन वरखाली. "रांग सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने जाते, बाई. ते एक ठिकाण सापडलं की झालं."
सापडेना. सगळीच ठिकाणं तितकीच हळू. आतून खूप बरं वाटलं. मग भीती वाटली.

१३ नोव्हें., सोम.
भीती खरी ठरली. रवीशेठ म्हणाले, असंच राहिलं तर जोडकाम कॅम्प चारच्या वस्तीत घरोघरी देणार, नगावर मजुरी. मग रांगही नको, टेबलही नको.
रागाने बोलले नाहीत. डोळे लाल होते. "मी कोणाला काढायला नाही आलो. मलाही पप्पांना काहीतरी करून दाखवायचंय ना."
म्हणजे आता एकीचा प्रश्न नाही. आठजणींचा. आणि माझा.

१४ नोव्हें., मंगळ.
नळावर यमुनाने गाठलं. बारवी धरणाकडच्या पाड्यावरची, आमच्यातली सगळ्यात चपळ. तीन जणींचं काम एकटी ओढते.
"बाई, मला हात आवरत नाय. मुद्दाम हळू बसून बसून खांदे भरून आले माझे."
"मग कर की जोरात."
"आन् सुशीताईच्या पुढ्यात ढीग लावू? तुम्हीच सांगा, लावू?"
तीच पुढे म्हणाली, "माझं पोर झालं तेव्हा माझा वाटा तिनंच भरला. तेव्हा चालत होती तिची बोटं." बादली उचलली, पाणी सांडत गेली. थोडी रागावलेलीच. माझ्यावर, सु.वर, की—

१६ नोव्हें., गुरु.
सुटल्यावर बाकीच्या हात धुवायला गेल्या. सुशीला थांबली.
"बाई, रांग माझ्यामुळे हळू चालते ना?"
"कोण म्हणालं?"
"कोणीच नाही. म्हणून तर कळलं. यमुना कधी एवढी गप्प बसते का?"
मी माझं टेबल पुसत राहिले. पुसलेलंच.
"राशीत मला माझी किती ते कधी कळलंच नाही हो. सगळ्यांएवढीच यायची. वाटायचं, अजून इतकं काही बिघडलेलं नाही." मग म्हणाली, "मला एकदा बघायचंय. एकटीने बसून. रवीशेठचं घड्याळ मागा."
"कशाला गं?"
"नाव द्यायचं तर माझं मी देईन. पण आधी मला कळू तर द्या. आणि तुम्ही तोंडाने सांगू नका, तुम्ही गोड करून सांगाल. घड्याळ मलाच दाखवा."
हो म्हटलं. काय म्हणणार दुसरं.
रवीशेठनी घड्याळ लगेच दिलं, खुशीत. त्यांना वाटलं, मला ते ठिकाण सापडलं. "शनिवारी नाव फायनल, बाई."
उद्या शुक्रवारची सुट्टी. शनिवारी बाकीच्या यायच्या आत आम्ही दोघी. घड्याळ पर्समध्ये आहे. जरा उशिरा सुरू केलं, जरा लवकर थांबवलं, तर तिचा वेळ कमी दिसेल, तिला समजणारही नाही. तिचा चेहरा डोळ्यांपुढे येतो आणि बोट आत्ताच तसं वळतं.
पण मग शनिवारी मी रवीशेठना कोणाचं नाव सांगणार?