वहीतली 'ही'

तीर्थस्वरूप वहिनींना, तुमच्या एकुलत्या एक आणि दिवसेंदिवस वाढत चाललेल्या दिराचा साष्टांग नमस्कार.

(साष्टांग हे आपलं लिहिण्यापुरतं. परवा व्यायाम म्हणून जमिनीवर पालथं झोपायला सांगितलं, तेव्हा आठ अंगांपैकी एकही टेकलं नाही, टेकलं ते त्यांत नसलेलं पोट. आठही अंगं अधांतरी, आणि मी होडीसारखा डुलतोय.) तुमचे गुडघे कसे आहेत? दादांचा खोकला थांबला का? हे पत्र तुम्ही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवणार हे मला माहीत आहे. सुरुवातीला ते हसतील, हसू द्या. पुढे पुढे हसणार नाहीत.

पत्रास कारण पोट. तुम्ही दर रविवारी फोनवर विचारता, "वेळेवर जेवतोस ना रे?" आणि मी दर रविवारी "हो वहिनी" म्हणतो. ते साफ खोटं आहे. एकोणीस वर्षं, म्हणजे हे दुकान घेतल्यापासून, मी दुपारचा जेवलेलोच नाही. उपाशी राहिलो असं मात्र समजू नका. दुकानाची आणि शेजारच्या बेकरीची भिंत एकच आहे. (दुकान बघायला आलात तेव्हा भिंतीला हात लावून तुम्ही "बाई, किती उबदार!" म्हणाला होतात. ती ऊब भट्टीची.) अकराला तिथे पावांचा ट्रे निघतो, चारला केकचा, आणि सहाला दिवसभराची मोडकी बिस्किटं पिशवीत भरून बेकरीवाला माझ्या कापायच्या टेबलावर ठेवतो. मोडक्या बिस्किटांनी काही होत नाही, मोडतानाच त्यातला गुण सांडून जातो, असं माझं प्रामाणिक मत होतं. घर दुकानाच्या डोक्यावर, सतरा पायऱ्या. पण एवढ्या पायऱ्या चढायला मला वेळ नाही असं मी पहिल्याच आठवड्यात जाहीर केल्यामुळे ही रोज बाराला डबा खाली आणून द्यायची, आणि पाचला मी तो परत वर पाठवायचो. उघडून, हुंगून, दोन घास खाऊन, कधी तेवढंही न करता.

लोक म्हणतात, शिंप्याला स्वतःची जाडी कळत नाही. खरं आहे. कापड कापताना शिवणीच्या आत जास्तीचं ठेवतात त्याला आम्ही माया म्हणतो. स्वतःच्या पँटीत मी अशी भरपूर माया ठेवत आलो. दर वर्षी थोडी उसवायची, पुन्हा टीप मारायची, आणि आरशात बघून म्हणायचं, कुठे काय, तीच तर पँट! गेल्या वर्षी माया संपली. मग मागच्या बाजूला दुसऱ्या कापडाचा त्रिकोण जोडला आणि वरून शर्ट लांब शिवला. गिऱ्हाइकाला असली पँट दिली असती तर त्यानं माझ्या अंगावर फेकली असती.

आणि मग मुख्याध्यापक आले. निवृत्तीच्या समारंभासाठी त्यांना सूट हवा होता. पायाची लांबी घ्यायला मी खाली वाकलो आणि डोळ्यांपुढे काळोख झाला. हाताला जे लागलं ते धरलं, ते त्यांचे दोन्ही गुडघे. कपाळ त्यांच्या मांडीला टेकलेलं, टेप गळ्यात. किती वेळ गेला कोण जाणे. ते बिचारे पुतळ्यासारखे उभे. शेवटी वरून आवाज आला, "गुडघ्याचं इतकं बारीक माप घेणारा शिंपी मी आजवर पाहिला नाही." मी शुद्धीवर येऊन "सदतीस" म्हणालो. कशाचे सदतीस, ते अजून आम्हा दोघांनाही माहीत नाही.

डॉक्टरांनी रक्त काढलं, रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, तुमचं चयापचय पार बिघडलंय. मला 'चहापचय' ऐकू आलं. म्हटलं, चहा तर मला उत्तम पचतो, दिवसाला नऊ होतात. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग सावकाश सांगितलं, की साखर काठावर आहे, यकृतावर चरबी आहे, आणि मिळालेल्या अन्नाचं काय करायचं हे तुमचं शरीर विसरत चाललंय. मी घाबरलो आणि घरी येऊन स्वतःच्या मनानं उपचार सुरू केला, म्हणजे काहीच खायचं नाही. अडीच दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी चारला केकचा ट्रे निघाला, आणि पुढचं लिहीत नाही, तुम्ही मोठ्या आहात.

मग डॉक्टरांनी एका आहारवाल्या बाईंकडे पाठवलं. वय तुमच्या धाकटीएवढं, पण नजर तुमची. उपाशी राहायचं नाही, म्हणाल्या, उपाशी ठेवलं की शरीर कंजूष होतं. सकाळी पोटभर खायचं, दुपारी ठरल्या वेळी बसून, त्यात कडधान्य किंवा अंडं आणि ताटभर भाज्या, जेवणानंतर चालायचं, झोपायची वेळ पाळायची. त्यांनी एक वही दिली. काय खाल्लं, किती वाजता, कुणाबरोबर, सगळं लिहायचं. वहिनी, त्या वहीत मी जे लिहिलं तसं मी आयुष्यात काही शिवलेलं नाही. कुठे चुणी नाही की सुरकुती नाही. 'सकाळी सहा, चालणे. दुपारी एक, वर जाऊन हिच्यासोबत बसून जेवलो. चाळीस मिनिटं. गप्पा झाल्या. ही हसली.' असे एकवीस दिवस. हे लिहिताना बिस्किटाचा चुरा पानांत पडायचा, तो मी फुंकून टाकायचो.

वही हिच्या हाती लागली. इस्त्रीच्या कपड्यांत मीच विसरलो होतो. मी वर गेलो तेव्हा ही खिडकीशी उभी राहून शेवटचं पान वाचत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. हिनं फक्त विचारलं, "ही 'ही' कोण?"

मी म्हटलं, "कोण ही?"

"रोज एक वाजता तुमच्याबरोबर जेवते ती. हसते ती."

दुसऱ्या दिवशी ही माझ्याबरोबर बाईंकडे आली. मला वाटलं, आता माझी तक्रार होणार. नवा रिपोर्ट पहिल्यापेक्षा वाईट आला होता, बाईंनी एका हातात वही आणि दुसऱ्या हातात रिपोर्ट धरला होता आणि दोन्हींतला खरा माणूस कोणता, असं त्या विचारत होत्या. मग त्यांनी हिला सहज विचारलं, दुपारी तुम्ही काय जेवता?

"यांचा डबा," ही म्हणाली.

"आणि हे?"

"हे खात नाहीत. पाचला परत येतो, मग मी खाते. टाकवत नाही हो."

"एक वाजता काही नाही?"

"चहा. एखाद दिवशी डबा रिकामा येईलही, म्हणून पाचपर्यंत थांबते, आला रिकामा तर माझ्यापुरतं करीन. नाहीतर एका माणसासाठी दोनदा कशाला रांधायचं?"

मी इतकी वर्षं समजत होतो की उरलेलं मांजराला जातं. आमच्याकडे मांजर नाही, वहिनी. एकोणीस वर्षांत मी हे कधी तपासलं नाही.

बाईंनी हिचंही रक्त तपासायला लावलं. माझी साखर काठावर होती, हिची काठ ओलांडून केव्हाच गेलेली. दोन वर्षं हिच्या पायांना मुंग्या येत होत्या, उभं राहून येत असतील म्हणून ही गप्प. आता गोळी सुरू आहे. माझं बरंचसं सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले. हिची गोळी सुटेल का, विचारलं तर त्यांनी बोलणंच बदललं.

आता एकला मी शटर ओढतो, सतरा पायऱ्या चढतो. पहिले चार दिवस कुठे बघावं ते कळेना. माझं जेवण सहा मिनिटांत उरकतं आणि बाईंनी वीस मिनिटं सांगितली आहेत, तेव्हा उरलेली चौदा मिनिटं मी हिला जेवताना बघतो. ही डाव्या बाजूनंच चावते. विचारलं तर म्हणाली, उजवी दाढ काढून तीन वर्षं झाली. मी खालीच होतो तेव्हा, सतरा पायऱ्या खाली.

तीन महिने झाले. कंबर चव्वेचाळीसवरून साडेबेचाळीसवर आली. चहा नवावरून तीनवर. सकाळी पोटात काहीतरी विचित्र व्हायला लागलं म्हणून घाबरून बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, काका, त्याला भूक म्हणतात. चढताना धाप लागत नाही. बाई म्हणतात घाई करू नका, रोज वेळेवर मिळणार आहे यावर शरीराचा विश्वास बसायला वेळ लागतो. मी मान डोलावली, पण त्या वेळी बघत हिच्याकडे होतो.

दादांना नमस्कार. आता हसत नसतील.

तुमचा,
धाकटा

ता. क. दादांच्या कोटाचं माप पाठवा. जुनं नको, नवीन घ्या, आणि पोट आत ओढू देऊ नका.

ता. क. २. खरं काम राहिलं. मी हिची अजून माफी मागितलेली नाही. काल जेवताना बोलायला तोंड उघडलं, तर हिनं आणखी वाढलं. मला हे जमणारं नाही. रविवारी फोन कराल तेव्हा तो हिला द्यायला सांगा आणि माझ्या वतीनं तुम्हीच काय ते बोला. मी बोलायला सांगितलं असं कळू देऊ नका.

ता. क. ३. जाऊबाई, नमस्कार. पाकीट उघडंच होतं, सगळं वाचलं. तुम्ही मध्ये पडू नका, त्यांचं त्यांना बोलू दे. डब्याचा राग कधीच गेला. पण वहीतली ती बाई मला आवडली होती हो. चाळीस मिनिटं कुणी तिच्याशी काय बोलत असेल, याचा मी दोन दिवस विचार करत होते. हे पाकिटासाठी तिकीट आणायला गेलेत तेवढ्यात लिहितेय. पोस्ट समोरच्या कोपऱ्यावर आहे, पाच मिनिटांचं काम. पाऊण तास झाला. बेकरीत आत्ता चारचा ट्रे निघालाय. मी चप्पल घालून खाली जातेय.