साहेबांच्या झोपेची राखण

३ मार्च

पुन्हा तेच! जेवण झालं की साहेब कुलूपखोलीत आडवे. गुप्त नकाशांना गारवा लागतो, म्हणून सगळ्या कचेरीत तेवढीच खोली थंड. दार लावलं की साहेबांचा जीव घाबरतो — म्हणून दार उघडं. आणि उघड्या दाराशी खुर्ची टाकून मी. "बाई, कोणी आलं तर जरा खाकरा." नकाशे सांभाळायला नेमलेली मी, घोरणं सांभाळते!

५ मार्च

गुप्त कागद हाताळायची माझी परवानगी नूतनीकरणाला आली. साहेबांचीही. पडताळणीवाले येणार, एकमेकांविषयी विचारणार. परवानगी गेली तर मी थेट बाहेरच्या चौकशीच्या खिडकीवर.

नवऱ्याला विचारलं, कामाच्या वेळी झोपणं हे गैरवर्तन का? म्हणे, "झोपलेला माणूस गुपितं फोडत नाही. जागे असतात त्यांचीच भीती!" त्याला सगळ्याचा विनोद. पण ते उघडं दार? आणि दाराशी बसणारी मी — साक्षीदार की भागीदार?

६ मार्च

साहेबांना सांगून टाकलं — विचारलं तर खोटं बोलणार नाही.

"अहो, खुशाल खरं सांगा. आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

एवढे शांत! मीच ओशाळले.

११ मार्च

पडताळणीवाले आले. चेहऱ्यालाही इस्त्री केलेली. "साहेबांच्या वागण्यात काही खटकतं?"

सांगितलं. झोप, दार, खुर्ची, खाकरणं — सगळं.

"केव्हापासून?"

"दोन उन्हाळे झाले."

"मग इतके दिवस कळवलं का नाही?"

खाकरले. सवय!

२ एप्रिल

निकाल आला. साहेब पात्र! प्रकृतीमुळे दुपारी विश्रांती घ्यावी लागते, असं त्यांनी आधीच स्वतःहून कळवलं होतं. शेरा: 'प्रांजळ.' कळवल्याची तारीख सहा मार्च. म्हणजे त्या दुपारी साहेब झोपले नव्हते!

मी अपात्र. शेरा: 'गैरप्रकार माहीत असून दडवला.'

अपील करता येतं, पण ही व्यक्ती भरवशाची आहे असं वरिष्ठांनी लिहून द्यायला हवं. साहेबांकडे गेले. "बाई, अपात्र माणसाबद्दल मी असं कसं लिहू?"

नवरा म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला फाशी!" पण मी संन्यासी कुठली? दोन उन्हाळे खाकरतच होते ना! शेरा खोटा नाही, हेच बोचतं.

१५ एप्रिल

चौकशीची खिडकी. दिवसभर एकच प्रश्न — "बाथरूम कुठे आहे?" हे मात्र मला सांगता येतं. गुप्त नाही.

१८ एप्रिल

साहेबांचा फोन. आवाज ओढलेला. "बाई, तुमच्या जागी आलेला माणूस पात्र आहे हो, पण तो दाराशी बसला की माझा डोळाच लागत नाही. तुमच्याइतका भरवसा कोणाचाच वाटत नाही."

म्हटलं, "साहेब, शेवटचं वाक्य तेवढं लिहून द्या."