कोरडी छत्री

ता. ११, सोमवार
दुपार

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र कधीच पोचलं, उत्तराला मीच उशीर केला. गुडघा दुखतोय, पण पत्र काही गुडघ्याने लिहीत नाहीत, तेव्हा त्याच्यावर ढकलता येणार नाही. खोलीतला गळका नळ अखेर दुरुस्त झाला. आता टपटप ऐकू येत नाही तर चुकल्यासारखं वाटतं. खालच्या शिंप्याने नवीन मशीन घेतलंय. कौतुकाने दाखवायला बोलावलं आणि मी त्याच्या शिवणीला नाव ठेवलं, म्हणून फुरंगटून बसला होता. आता बोलतो.

तुमच्या मुलाने पुन्हा विषय काढला का, आमच्याकडे राहायला चला म्हणून? आणि त्या गंजक्या कुलपाचं काय झालं? किल्लीवाला तुमच्यावर खेकसला हे वाचून हसू आलं, पण त्याचं काय चुकलं सांगा! नवं कुलूप लावलं तर तुमच्या साहेबांकडची जुनी किल्ली चालणार नाही, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

नमनाला घडाभर तेल घालतेय मी. इतकी वर्षं माझी पत्रं वाचताय, तुम्हाला कळलंच असेल. सांगते, पण माझ्या पद्धतीने सांगू द्या. पानं उलटून शेवट आधी बघू नका.

यंदा हवाई तळावरच्या जुन्या माणसांच्या मेळाव्याला मी एकटीच होते. इंजिनवाला, आमचा ‘ग्रीस’, गेल्या थंडीत गेला हे लिहिलं होतं. उडणारे तर कधीच संपले. हॉलमध्ये खुर्च्या नेहमीसारख्या मांडलेल्या, चहाची मोठी किटली भरलेली, आणि माणूस मी एक. चहावाला म्हणाला, “आजी, बाकीचे येताहेत ना?” म्हटलं, “नाही रे बाबा, बाकीचे गेले. तू ओत.” मग आम्ही दोघांनीच चहा घेतला आणि मी त्याला एकेकाची टोपणनावं सांगत बसले. तुमच्या साहेबांचं ‘शिडीसाहेब’ सांगितल्यावर तो फिस्सकन हसला. म्हटलं, हस, पण विमानात बसले की त्यांचे गुडघे हनुवटीला टेकायचे आणि दरवेळी पट्टे सैल करून देताना माझ्या नाकी नऊ यायचे.

छत्री म्हणजे काय, तेही त्याला सांगावं लागलं. तो पॅराशूट म्हणतो. आमच्याकडे छत्रीच म्हणायचे, आणि आम्ही छत्रीवाल्या. लांबलचक टेबलावर रेशीम पसरायचं, एकेक पाकळी सारखी करायची, दोऱ्यांचा गुंता सोडवायचा, घडी घालून पिशवीत बसवायची आणि तोंडाशी लाल दोऱ्याची गाठ मारायची. कडी ओढली की दोरा तुटतो आणि छत्री उघडते. न वापरता परत आली की वैमानिक ती टेबलावर ठेवून म्हणायचा, “कोरडी आणली.” उडी मारून वाचला, तर छत्री ‘भिजली’. आणि भिजवून आलेला माणूस, जिने घडी घातली तिला भेटल्याशिवाय जेवायला बसायचा नाही, अशी रीतच होती.

तुमचा तो घोळही चहावाल्याला सांगितला, रागावू नका. तुमचं नवीन लग्न, आणि साहेबांनी पत्रात लिहिलं, ‘माझी छत्री इथली एक डावरी मुलगी सांभाळते, अजून तरी कोरडी आहे.’ तुम्ही उलट टपाली विचारलंत, ‘पाऊस नाही पाणी नाही, आणि ही कोण भवानी तुमच्यावर छत्री धरते?’ साहेब ते पत्र घेऊन थेट आमच्या खोलीत आले होते. हसून हसून डोळ्यांत पाणी! म्हणाले, “डावरे, तू माझा संसार मोडणार!” सगळ्या पोरी टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या. त्यांना असं हसताना मी नंतर फार वेळा पाहिलं नाही, लढाई वाढत गेली.

ते परत आले नाहीत त्यानंतर तुमचं पहिलं पत्र आलं. पाकिटावर ‘डावऱ्या छत्रीवालीस’ आणि तळाचा पत्ता. आत एकच ओळ: ‘भिजली असेल ना गं?’ मी लिहिलं, ‘भिजली असणार.’ तेव्हापासून दर पत्राच्या शेवटी तुम्ही तेच विचारता आणि मी तेच उत्तर देते. विमान पडलं तरी माणूस उतरला असेल, कुठे परक्या मुलखात अडकला असेल, डोक्याला मार लागून नावगाव विसरला असेल, पण असेल. मूल कडेवर घेऊन तुम्ही त्या एका शब्दावर दिवस काढलेत.

मीही काढले, वहिनी, पण माझा घोर वेगळा होता. त्या दिवशी त्यांच्या पाठीवरची घडी माझी होती. त्यांनी कडी ओढली आणि छत्री उघडलीच नाही, तर? एखादी दोरी अडकली असेल तर? पुढे आयुष्यभर इस्पितळाच्या चादरी शिवल्या, पण एक घडी घालताना ते मनात आलं नाही असा दिवस गेला नाही. तुम्हाला ‘भिजली असणार’ लिहायचे तेव्हा स्वतःलाच बजावत असायचे.

आता ऐका.

धरणाच्या भिंतीचं काम काढलंय म्हणून तलाव रिकामा केला. तळाशी गाळात एक विमान सापडलं. मेळावा संपता संपता दोन अधिकारी मला शोधत हॉलवर आले. तरुण, पण बोलायला मऊ. त्यांनी शेपटीवरचा आकडा सांगितला आणि मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. “एक वस्तू ओळखाल का, आजी? जमणार नसेल तर राहू द्या.” म्हटलं, जमेल.

साहेब आपल्या जागेवरच होते, वहिनी. पट्टे बांधलेले. हे मला सांगितलं, दाखवलं नाही, आणि मीही हट्ट धरला नाही.

छत्री तेवढी धुऊन टेबलावर ठेवली होती. पिशवी कुजली होती, पण कडी जागच्या जागी. लाल दोरा काळा पडला होता आणि गाठ तशीच. उलटी गाठ, डाव्या हाताची. माझीच. इतकी वर्षं पाण्याच्या तळाशी होती, आणि छत्री कोरडी होती. त्यांनी कडी ओढलीच नव्हती. अधिकारी म्हणाला, उडी मारण्याइतकी उंचीच उरली नसणार, पाण्यावर उतरवायचा प्रयत्न केला असेल. फार वेळ लागला नसेल, असंही म्हणाला.

आता जे लिहायचंय त्यापायी किती कागद फाडले! मला आनंद झाला, वहिनी. तिथेच, त्या टेबलापाशी. माझी घडी चुकली नव्हती. तुमचा नवरा गेल्याचं पक्कं झालं आणि माझ्या जिवात जीव आला. रडू आलं ते नंतर बसमध्ये, आणि ते साहेबांसाठी होतं की माझ्या त्या मेल्या आनंदाच्या लाजेने, मला अजून सांगता येत नाही. कंडक्टर शेजारी येऊन थांबला आणि तिकीट न मागता पुढे गेला.

तुम्ही दर पत्रात ‘एकदा ये’ म्हणता. मी कधी रजेचं कारण दिलं, कधी गुडघ्याचं. खरं सांगू? तुम्ही माझ्या हातांकडे बघाल, याची भीती होती. तुम्ही काही बोलला नसतात, चहाच दिला असतात, पण कप घेताना हात पुढे करावे लागले असते. म्हणून आपण आजवर भेटलो नाही. माझ्या हाताला आता काही लागलेलं नाही, हे मला कळलं, पण त्याची किंमत तुम्हाला मोजावी लागली.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी ते दोघे अधिकारी तुमच्याकडे येतील. माझं पत्र पोचेपर्यंत थांबा म्हटलं, थांबले. मी गप्प बसले असते तरी बातमी पोचलीच असती आणि मी मागाहून चार ओळी सांत्वनाच्या लिहून मोकळी झाले असते. पण तुम्ही विचारत होतात ते मला, त्यांना नाही.

आता पुढचं. तुम्हाला आता विचारायला काही उरलं नाही आणि मला उत्तर द्यायला. नळ आणि शिंपी यांच्यावर आपली पत्रं किती दिवस चालणार? तुमच्याखेरीज मला कुणी लिहीत नाही. पोस्टमन जिना चढतो तो तुमच्यामुळे. तुम्हाला माझं अक्षरही नकोसं झालं तर मी काय म्हणणार? कपाळ माझं!

तरी मी गुरुवारी येतेय, त्यांच्या आदल्या दिवशी, दुपारच्या गाडीने. स्टँडवर येऊ नका, मी घर विचारत येईन. दार उघडलं नाहीत तर रागावणार नाही, थोडी बाहेर बसेन आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाईन. उघडलंत तर साहेब आमच्या खोलीत येऊन कसे बसायचे, काय काय बोलायचे, ते सगळं सांगेन. ते सांगणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. घरात ते कसे होते हे तुम्ही सांगाल, तर मला ऐकायचंय. आपण दोघींनी तेव्हाच एकत्र बसून रडायला हवं होतं. राहून गेलं.

तब्येत सांभाळा. मुलाला हे पत्र वाचून दाखवायचं की नाही, ते तुम्हीच बघा.

त्यांची छत्रीवाली.
तुमची कोण, ते गुरुवारी दारात सांगा.