बोट एक हात मागे हवी होती

तंजावूर,
१२ डिसेंबर १९९७

प्रिय प्राणेश,

तुझं पत्र गेल्या शुक्रवारी मिळालं. हे मुद्दाम मराठीत लिहिते आहे. वेंकूआत्येनं आपल्याला बालबोध लिपी शिकवली. तिच्यामागे या घरात ती वाचणारे आपण दोघंच. अप्पा आता काठी घेऊन राजवाड्याच्या कोपऱ्यापर्यंत जातात. पाय जरा आखूड झालाय, पण दुखत नाही म्हणतात.

पाना कुठला आणि छिन्नी कुठली, हे तुला लहानपणी मीच दाखवलं. मग तू डिप्लोमा केलास, मद्रासेला मोटारीच्या कारखान्यात लागलास, आणि मी बारा वर्षं आपल्या लोखंडकामाच्या पट्टरैत ट्रॅक्टरच्या ट्रेलरांची मापं घेत, वेल्डिंग तपासत राहिले. खेड्यांतली माणसं काम माझ्याकडून करून घेत आणि जाताना अप्पांना विचारत, मुलगा कधी येतो? तू सुट्टीला आलास की मालकाची खुर्ची तुझी व्हायची. अप्पा स्वतः उठून तुझ्यासाठी कॉफी आणायचे. माझ्यासाठी कधी आणली नाही. इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून मी जळत होते, हे लिहितानाही लाज वाटते.

गेल्या चित्तिरै महिन्यात राममूर्तींची फायबरची बोट मल्लीपट्टणमच्या किनाऱ्यावर पोचवायची होती. बोटीचा ट्रेलर आपण पहिल्यांदाच केला होता. आपल्या जीपला जोडल्याबरोबर तिचं मागचं अंग बसलं, तोंड वर झालं. तू वाकून पाहिलंस आणि म्हणालास, मागच्या स्प्रिंगांना दोन-दोन पाटे वाढवा. दुपारपर्यंत पाटे चढले, जीप सरळ उभी राहिली. अप्पा रस्त्यावरच्या माणसांना बोलावून दाखवत होते, "बघा, कंपनीतला हात आहे!"

तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी शेजारच्या तांदळाच्या मंडीतला काटा आणला, ट्रेलर सोडवला आणि त्याचा जीपला जोडायचा दांडा काट्यावर टेकवला. बोट धरून सगळं ओझं नऊशे किलोचं. त्यातलं एकशे ऐंशी एकट्या दांड्यावर. ते शंभरावर जायला नको होतं. पाट्यांनी जीपची पाठ उचलली होती, पण भार होता तिथेच होता, आणि त्यानं जीपची पुढची चाकं हलकी झाली होती. हलकी चाकं वळणावर रस्ता धरत नाहीत. बोट पुढच्या अडसराला टेकवून बांधली होती, ती हातभर मागे घेतली की झालं असतं. फार मागेही नाही, नाहीतर ट्रेलर वाटभर झुलत राहतो. हातभरच.

तुम्ही परत आल्यावर मी अप्पांना एवढंच म्हटलं, "दांड्यावर भार जास्त आहे." ते म्हणाले, "तो आलाय ना, तू कशाला?" तू पलीकडे दोर आवळत होतास, तुला ऐकू गेलं नाही. मी चार पावलं चालून तुझ्याकडे आले असते तर तू ऐकलं असतंस. तू माझं नेहमीच ऐकत आलास. मी आले नाही. मनात म्हटलं, जाऊ दे, वाटेत जीप नाचू दे, कळू दे सगळ्यांना कंपनीतला हात. अप्पांना इजा व्हावी असं मनात नव्हतं. तुझी फजिती व्हावी, हे बरीक होतं.

ओरत्तनाडूच्या पुढच्या वळणावर काय झालं ते तू जीपमध्ये बसून पाहिलंस. अप्पांनी चाक फिरवलं, जीप वळलीच नाही, सरळ कालव्यात उतरली. इस्पितळात तू त्यांच्या उशाशी बसून येईल त्याला सांगत होतास, "चूक माझी, पाटे मी सांगितले." मी तुझ्या पाठीवर हात ठेवून उभी होते, गप्प. अप्पा वेदनेनं घामाघूम झाले होते, तरी तुझं डोकं कुरवाळत होते. मला त्या वेळीही तेवढंच दिसलं.

परवा मी अप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग विचारलं, "मी ऐकलं असतं का ग?" मी म्हटलं, नाही. ते उठून आत गेले. काल गिऱ्हाईक दारात आलं तेव्हा आतूनच म्हणाले, "वासुकीला विचारा." आवाज कडवट होता. त्यापुढे माझ्याशी बोललेले नाहीत.

तू लिहिलंस, कंपनी तुला गाड्या तपासणाऱ्या विभागात मोठी जागा देते आहे आणि तू नको म्हणणार आहेस, कारण ज्यानं बापाचा पाय मोडला त्यानं दुसऱ्यांच्या गाड्या पास करू नयेत. म्हणून हे पत्र. तू घाईनं अर्धाच उपाय सांगितलास, एवढी तुझी चूक. मापून, जाणून गप्प बसलेली मी होते. खरं सांगू? ती जागा तुला मिळते आहे हे वाचून शुक्रवारीही माझ्या पोटात दुखलं. आत्ताही दुखतंय. तरी सांगते, ती जागा घे. नकार पाठवला असशील, तर आजच्या आज परत घे.

तुझीच,
वासुकीअक्का