शव्वालचे रोजे आणि दुपारचं ताट

एकुलत्या एक, म्हणून सर्वांत लाडक्या आपास धाकट्याचा अदबीने सलाम.

साखर कशी आहे? (तुझी, डब्यातली नव्हे.) भावोजींचा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळं ठीक. चष्म्याचं दुकान चाललंय, मीही चाललोय, फक्त माझे रोजे चालत नाहीत.

झालं असं. ईद झाली तसं मी मनाशी पक्कं केलं, यंदा ईदनंतरच्या शव्वाल महिन्यातले सहा रोजे धरायचेच. ऐच्छिक इबादत, तिचा गाजावाजा कशाला, म्हणून बायकोशिवाय कुणाला बोललो नाही. (तीही धरतेय. तिचे संपत आले. माझ्याकडे नुसती बघते.) अडचण अब्बांची. अम्मी गेल्यापासून समोर कुणी जेवत नसेल तर ते घास घेत नाहीत, आणि पोटात घास नसला तर गोळी चालत नाही. रमजानात ते तुझ्याकडे होते. डॉक्टरांनी तुम्हा दोघांचेही रोजे बंद केलेले, त्यामुळे स्वयंपाकघराचं दार लोटून तुमची जोडी जेवायची. आता ते माझ्याकडे आहेत. रोजा आहे म्हणून सांगावं, तर "मग मीही थांबतो" म्हणणार.

पहिल्या दिवशी मी ताट घेऊन बसलो, ताटातलं इकडचं तिकडे केलं आणि नुसतं तोंड हलवत राहिलो. अब्बांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "अरे, तू रिकामंच चावतोयस." चष्मा मीच गेल्या आठवड्यात बनवून दिलेला. नंबर बिनचूक निघाला, कारागिराचं समाधान झालं, रोजा गेला. मौलवीसाहेब म्हणाले, नफल रोजा आहे, म्हणजे सक्तीचा नाही, बापासाठी सोडलास तर गुन्हा नाही, दुसऱ्या दिवशी धर. दुसऱ्या दिवशी धरला. दुसऱ्या दिवशीही दुपार झालीच.

काल बायकोने मला बाजूला घेतलं. अब्बा तिला विचारत होते म्हणे, "याचं काही बिनसलंय का गं? मी समोर बसून खाल्लं नाही तर हा जेवतच नाही. मला एवढी भूक नसते, पण याच्यासाठी दोन घास जास्त खातो." आपा, हसावं की रडावं कळेना. दुकानात जाऊन एका गिऱ्हाइकाची एकच काच कितीतरी वेळ पुसत बसलो.

तुझा,
धाकटा

ता.क. खरं काम राहिलंच. शव्वाल संपायच्या आत आठवडाभर राहायला ये. दुपारी अब्बांसमोर तू बस, म्हणजे माझे रोजे पार पडतील.

आणखी एक ता.क. बायको म्हणते, खरं ते लिहा. तर तशी घाई करू नकोस. आज जेवताना अब्बांनी त्यांच्या लग्नातली फजिती सांगायला घेतली, अम्मीने कधी सांगू दिली नव्हती ती, आणि मध्येच त्यांना झोप आली. उरलेली उद्या दुपारी सांगणार आहेत. पहाटे रोज्याआधीच्या जेवणाला, सहरीला, मला उठवू नकोस, असं बायकोला सांगून ठेवलंय.