गरुडाचं डोकं खाली

चंदननगर,
जगद्धात्रीच्या विसर्जनानंतरचा रविवार

लाडके तुतुल,

तुला आणि पीटरला खूप आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. शंपाच्या मुलीनं अमेरिकेहून येताना तुझी नाण्यांची पुरचुंडी आणून दिली, सोबत चॉकलेटंही. ती मी कुलपात ठेवली आहेत. तुझ्या बाबांची साखर तुला ठाऊकच आहे.

फोन असताना ही बाई पत्र कशाला लिहिते, असं वाटेल तुला. फोन वाजला की बाबा माझ्या शेजारी येऊन बसतात. तू न सांगता लग्न केलंस त्याला पाच वर्षं झाली, तेव्हापासून तुझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, पण फोन चालू असताना उठूनही जात नाहीत. त्यांच्यासमोर काय बोलणार? आत्ता जेवून झोपलेत, म्हणून लिहायला बसले.

यंदा जगद्धात्रीची रोषणाई बघायला गेलो नाही, गर्दी फार. पावसाळाभर इलिश मासाही आणला नाही, काटे फार. कोळंबीवरच भागवतो. परवा मासळीवाली विचारत होती, "वहिनी, बाबू दिसत नाहीत हल्ली? नाणं न् नाणं उलटून बघायचे. मी म्हणायचे, सुटे घेताय की मुलगी पसंत करताय?" मी हसून वेळ मारून नेली.

पुरचुंडीतली तुझी चिठ्ठी मी त्यांना वाचून दाखवली. ‘बाबांना सांग, इथे खजिना सापडलाय. हाताला लागेल ते नाणं उलट्या ठशाचं आहे.’ ते खिडकीपाशी जाऊन बसले. नाणं वरून-खालून दोन बोटांत धरलं, पुस्तकाचं पान उलटावं तसं फिरवलं आणि मला विचारलं, "गरुड कसा आहे?"

"डोकं खाली, पाय वर."

"आणि हा?"

"हाही तसाच."

आपलं नाणं असं फिरवलं की मागची बाजू सरळच दिसते; रुपयाचा आकडा नुसता कललेला निघाला तरी या माणसाला दिवाळी. पार उलटं असं नाणं त्यांना आयुष्यात एकच मिळालं, आणि तू तर पुरचुंडीभर पाठवलीस. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. त्यांनी एकेका नाण्याला पुठ्ठ्याची चौकट केली आणि प्रत्येकीवर माझ्याकडून लिहून घेतलं, ‘पूर्ण उलटं. शोधलं तुतुलनं.’

संध्याकाळी नुटूकाका आले. नाण्यांच्या वेडात ते बाबांचेच चेले, तुला आठवतात ना? चौकटी बघून पोट धरून हसायला लागले. "अरे, अमेरिकेतली सगळीच नाणी अशी पाडतात! कॅलेंडरचं पान उलटतो तशी खालून वर उलटायची, की गरुड सरळ. पोरीनं तुला चिल्लर पाठवलीय, चिल्लर. आणि हे तूच मला शिकवलंस ना रे?"

"ही तशी नाहीत," बाबा म्हणाले आणि नाण्यांचा डबा मिटून मांडीवर घेतला.

चुकीचं नाणं डब्यात जाऊ नये म्हणून मित्रांशी भांडणारा हा माणूस. म्हटलं, डोळे गेले ते गेले, आता डोकंही चाललं की काय.

बघ, लिहून बसले. आता खोडत नाही. काचबिंदू आहे, तुतुल. उजवा डोळा पार गेला. डाव्यानं नळीतून बघावं तेवढं दिसतं, आणि डॉक्टर म्हणतात तेही टिकायचं नाही. तुला कळवायचं नाही म्हणून माझ्याकडून शपथ घेतलीय. शपथ त्यांची, पोरगी माझी.

नुटूकाका गेल्यावर मी विचारलं, "अहो, तुम्ही विसरलात का?"

"विसरतोय कशाला. तू पहिलाच गरुड सांगितलास तेव्हाच कळलं."

"मग पोरीची चूक तिला सांगायची नाही का?"

त्यांनी डब्यावर बोटं फिरवली. मग म्हणाले, "पाच वर्षं झाली तिला तिथं. नवरा तिथला, घर तिथलं. आणि नाणं अजून माझ्यासारखंच उलटते." वर म्हणाले, "तिला सांगू नकोस. सांगितलंस तर सुधारेल." आणि तोंड फिरवून बसले. मी बघत नाही असं त्यांना वाटलं असेल, पण मला अजून चांगलं दिसतं.

तर मी सांगितलंय, पण तू सुधारू नकोस.

त्यांनी तुला बोलावलंय असं खोटं लिहिणार नाही. मी बोलावतेय. पीटरलाही घेऊन ये, त्याला मी मोहरीतला मासा खायला घालीन, रडला तरी चालेल. बाबा रागावतील की काय याची धास्ती धरू नकोस, तो डबा आता उशाशी घेऊन झोपतात. त्यांना थोडं दिसतंय तोवर ये. आलीस की त्यांच्या डावीकडे बस, उजवीकडचं त्यांना दिसत नाही.

तुझी,
मा