कवटीला हस्तिदंती शेड

३ फेब्रुवारी, सोमवार
वर्षालीने तीन चित्रं दाखवली. तिच्या हेवी मेटल बँडच्या पहिल्या अल्बमची कव्हर्स. "बाबा, पटकन सांग, कुठलं बरंय?" सव्वीस वर्षांत पोरीने पहिल्यांदा मत विचारलं. विचारणारच. वागळे इस्टेटला रंगाच्या कंपनीत एकोणतीस वर्षं शेड जुळवतोय मी.
ठराव : एका वाक्यात सांगायचं. लेक्चर नाही.

तीच तारीख, जेवणानंतर
सव्वा तास बोललो. मध्येच तिला फोन आला. रिंग ऐकू आली नाही. सायलेंटवर असेल.

४ फेब्रुवारी
गुण दिले. पहिलं : कवटी, आग. काळ्यावर काळं. दहापैकी चार. दुसरं : कवटी, कावळा. पाच, तेही कावळ्याचे. तिसरं : कवटी, साप, रक्त. रक्त ताजं की वाळलेलं? त्यावर शेड ठरते. साडेतीन. खाली झाडाची मुळं वाटली ती भिंगातून बघितली. बँडचं नाव निघालं.

९ फेब्रुवारी, रविवार
बँड डोंबिवलीहून आमच्याकडे कोपरीला आलेला. पोरं चांगली आहेत, वाकून नमस्कार करतात. कव्हर्स ड्रमवाल्या केतनने केलीत. त्याला माझं सुधारित कव्हर दाखवलं. कवटी हस्तिदंती, गालांवर किंचित गुलाबी, मागे क्रीम, मरून-सोनेरी किनार. बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "काका, एवढं स्वच्छ कव्हर आमच्या लाइनमध्ये कोणीच केलेलं नाही." वर्षाली म्हणाली, "बाबा, प्लीज..." पुढचं तिला बोलवेना. मी लगेच छापायची परवानगी दिली.

१४ फेब्रुवारी
केतनचा मेसेज : "काका, तुमचं छापलं." ऑफिसातल्या अकरा जणांना रिलीजला बोलावलं. दीड पान भाषण लिहिलं.
ठराव : नम्र राहायचं.

२२ फेब्रुवारी, शनिवार
डोंबिवलीचा हॉल. टेबलावर शंभर सीडी. सगळ्या काळ्या. कवटी, साप, रक्त. साडेतीन गुण.
केतनला विचारलं. तो वर्षालीकडे बघायला लागला. तिने बॅगेतून एक सीडी काढली. माझी. "एकच छापली, तुझ्यासाठी. तू इतका खूश होतास, नाही म्हणवेना रे." आणि स्टेजवर गेली.
ऑफिसातला दौलत काळी सीडी घेऊन आला. म्हणाला, "साहेब, काय जबरी काम केलंय!"
मग वर्षाली गायली. गायली म्हणजे, पोटातून गर्जली. एवढा आवाज या पोरीत कुठे होता? अल्बम मी आज पहिल्यांदा ऐकला. तीन आठवडे कव्हरवर बोलत होतो, गाणी कशी आहेत ते विचारलंच नाही. समोरची पोरं तिच्याबरोबर प्रत्येक शब्द ओरडत होती. भाषण खिशातच राहिलं.
घरी आलो तर बायको, शीला, पुढे वर गेलेली. लिफ्टपाशी तळमजल्याच्या कलावतीबाई. हातातली माझी सीडी बघून म्हणाल्या, "अगं बाई, बाळ गोड आहे हो! कोणाचं बारसं?"
डोळे भरून आलेले, नीट ऐकलंच नाही. "वर्षालीचं," म्हटलं आणि लिफ्टमध्ये शिरलो.
वर पोहोचलो तर शीलाच्या मोबाईलवर आजी झाल्याच्या अभिनंदनाचा तिसरा फोन चालू.